हैबतरावांनी मान हलवली

भरे गावच्या हैबतराव मालपोट्यांशी बोलणं हे येरागबाळ्याचं काम नव्हतं. समोरचा बोलू लागला की हैबतराव त्याच्या डोळ्यांत बघत नसत, थेट तोंडाकडे बघत. तेही असं टक लावून, की बोलणाऱ्याला वाटावं, आपल्या दातांत मेथी अडकलीय किंवा आपण खोटं बोलतोय. चांगली चांगली माणसं त्या नजरेपुढे अडखळत. आणि माणूस अडखळला की हैबतरावांचा संशय पक्का होई.

दूधवाल्यासमोर ते दुधात बोट बुडवून बघत. गॅसची टाकी आली की दोन्ही हातांनी उचलून हलवत. कुलूप लावल्यावर स्वतः ओढून बघत, मग बायकोला ओढायला लावत, आणि थोडं पुढे गेल्यावर बायकोनं नीट ओढलं का, या संशयानं परत येत. कुणी पेढे आणले तर आधी कारण विचारत आणि कारण कळल्यावरही पेढा मोडून आत बघत. दोन माणसं लांब उभी राहून हळू बोलताना दिसली, की विषय आपलाच आहे याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नसे. शंका नसलेली त्यांच्या आयुष्यातली ही एकच जागा. तुळजाबाई, म्हणजे त्यांच्या मंडळी, शेजारणींना सांगत, "ह्यांचा सोताच्या सावलीवर इस्वास न्हाई. ऊन उतरलं की इचारतील, लांब कशापायी झाली म्हनून."

खरं सांगायचं तर हैबतराव जन्माचे संशयी नव्हते. त्यांना ऐकू येत नव्हतं, एवढंच. पण ही गोष्ट सबंध गावात एकट्या त्यांनाच ठाऊक होती.

मिसरूड फुटल्यापासून निवृत्त होईपर्यंत त्यांनी पिरंगुटच्या एका कारखान्यात घणाच्या मशीनवर काम केलं. खाली लालभडक लोखंड ठेवायचं आणि वरून घण आदळायचा, पाळी संपेपर्यंत हेच. तिथं आवाज काढून बोलण्यात अर्थ नसे, म्हणून कामगार ओठांनी बोलत. ओठ मोठे करून हलवायचे, हातानं जोड द्यायची. शेडच्या या टोकाचा गडी त्या टोकाच्याला 'डब्यात काय आणलंय' विचारी, आणि 'कारली' असं उत्तर आलं की तोंड फिरवी. साहेबाला तो शेडमध्ये असतानाच शिव्या देता येत, फक्त त्याची पाठ वळायची वाट बघायची. हैबतराव त्या बोलीत पटाईत झाले. कान कधी गेले हे त्यांना कळलंसुद्धा नाही, कारण तोवर डोळ्यांनी कानांचं काम उचललं होतं. नोकरी संपवून शेतावर आले तेव्हा कळलं. बांधावर पाखरं बसलेली दिसत होती, चोची उघडझाक होत होत्या, आणि आवाज येत नव्हता.

हे त्यांनी लपवलं, त्यालाही कारण होतं. त्यांचे चुलते कोंडाजी म्हातारपणी ठार बहिरे झाले होते. आंधळ्याला लोक हात धरून रस्ता पार करून देतात, बहिऱ्याची मात्र चेष्टा करतात. 'राम राम' म्हणावं अशा तोंडानं लोक कोंडाजींना वाटेल ते बोलत, म्हातारा हसून हात जोडी आणि पारावर हशा पिके. हसणाऱ्यांत तेव्हाचा हैबताही असे. तो हशा हैबतराव विसरले नव्हते आणि तो आपल्या वाट्याला येऊ द्यायचा नाही हे त्यांनी ठरवून टाकलं होतं.

म्हणून त्यांनी मान कमावली. समोरच्याचे ओठ दिसले तर प्रश्नच नव्हता. दिसले नाहीत, कुणी खाली बघून बोललं, मिशीच्या आडून बोललं, पाठमोरं बोललं, तर हैबतराव मान हलवत. सावकाश, डोळे अर्धे मिटून, जणू बोलण्यातला शब्द न् शब्द तोलून बघतायत. गंमत अशी, की या मानेला गावात मोठी किंमत आली. माणूस संशयी खरा, पण कमी बोलतो, विचार करून मान हलवतो, असा लौकिक झाला. लग्नाची बैठक असो, भावाभावांतली वाटणी असो, हैबतरावांना बोलावणं ठरलेलं. पांढऱ्या टोपीत ते मधोमध बसत आणि मान हलवत. अर्ध्या बैठकांमध्ये काय ठरलं ते त्यांना घरी आल्यावर तुळजाबाईंच्या तोंडून कळे.

त्यांना एकच मुलगी, आरोही. हिंजवडीला एका ऑफिसात नोकरी, कंपनीची बस कोपऱ्यावर येई. मुलगी हुशार, बोलकी आणि बापाची लाडकी. बापाशी बोलताना ती समोर येऊन, हातवारे करत, मोठ्यानं बोले. लहानपणापासूनची सवय. त्यामुळे तिलाही कधी काही कळलं नाही.

भातकापणी उरकली त्या सुमाराला तिला स्थळ आलं. शेजारच्या दादासाहेबांचा भाचा, मुठा गावचा अमोल. दादासाहेबांच्या आणि यांच्या घरात एकच भिंत, आणि दोघांची मैत्री त्या भिंतीहून जुनी. अमोलच्या घरी जमीन, वर शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना भाड्यानं द्यायचे तीन बंगले. नाव ठेवायला जागा नव्हती. हैबतरावांनी आपल्या स्वभावाप्रमाणे पुष्कळ शोधली, पण सापडली नाही.

बैठक मालपोट्यांच्याच पडवीत बसली. सगळं जुळत आलं तेव्हा रीत म्हणून कुणीतरी म्हणालं, पोरीला एकदा विचारून या. हैबतराव आत गेले. आरोही स्वयंपाकघरात गॅसपाशी पाठमोरी उभी होती, चहा गाळत होती. त्यांनी विचारलं, "काय गं, पसंत हाय ना?"

ती बोलू लागली. वळली नाही. बाहेर पाहुणे होते, भिंतीपलीकडे दादासाहेबांच्या घरच्या बायका होत्या, म्हणून हळू बोलत असावी. पुष्कळ वेळ बोलली. हैबतरावांना फक्त तिची वेणी हलताना दिसली आणि गाळणीवरचा हात मधेच थांबलेला दिसला. 'इकडं बघून बोल' असं म्हणायला त्यांची जीभ उचलली होती. पण का, म्हणून तिनं विचारलं असतं तर? पडवीत माणसं खोळंबली होती. आणि लाजरी पोर अशा वेळी दुसरं काय बोलणार? ती वळली तेव्हा तिचं बोलणं संपलं होतं. ती बापाकडे बघत उभी राहिली. हैबतरावांनी सावकाश, डोळे अर्धे मिटून मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर एकदम हसू आलं, असं हसू की त्यांना वाटलं, चला, काम झालं.

ते बाहेर आले आणि म्हणाले, "पोरीची ना न्हाई. फोडा सुपारी."

त्या दिवसापासून आरोहीनं बापाशी बोलणं टाकलं.

पहिल्यांदा हैबतरावांना वाटलं, लग्न ठरल्यावर मुली अबोल होतातच. पण ही आईशी बोले, बसच्या ड्रायव्हरशी बोले, आणि बाप समोर आला की ओठ घट्ट मिटून घेई. ज्याला ओठांचाच आधार, त्याच्यासमोर ओठ मिटणं म्हणजे दार लावून घेण्यासारखंच. ते तुळजाबाईंना विचारत, तुळजाबाई म्हणत, "मला काय इचारताय? तुमी अन् तुमची लेक."

मग संशय सुरू झाला, आणि तो कुठं जाणार हे ठरलेलंच होतं. मालपोट्यांनी वरच्या मजल्यावर दोन खोल्या काढून भाड्यानं दिल्या होत्या. तिथं निरंजन नावाचा परभणीकडचा मुलगा राहायचा. हाही हिंजवडीलाच नोकरीला. खांद्यापर्यंत केस, अंगात काळा सदरा, आणि हातात माणूस मावेल एवढी काळी पेटी. पेटीत गिटार आहे असं तो म्हणे. हैबतरावांनी तो नसताना पेटी उचलून बघितली होती, वजन गिटारीपेक्षा जास्त वाटलं होतं. तशी त्यांनी पूर्वी गिटार कधी उचलली नव्हती हा भाग वेगळा.

आता त्यांच्या लक्षात आलं, की दर रविवारी दुपारी निरंजन पेटी घेऊन निघतो आणि मागोमाग आरोही स्कूटी काढते. परत येते ती तोंड लाल आणि घसा बसलेला. तुळजाबाई तिला हळदीचं दूध देतात आणि काही विचारत नाहीत. म्हणजे बायकोही सामील. हैबतरावांनी दोनात दोन मिळवून बावीस केले. पोरगी पळून जाणार. येत्या गुरुवारी बस्ता बांधायला मुठ्याची माणसं येणार आणि पोरगी नाही. दादासाहेबाला तोंड कुठून दाखवायचं? आणि हे सगळं घरात उघड बोललं जात असणार, आपल्या पाठीमागं, आपल्याच छपराखाली. रागापेक्षा या गोष्टीचं त्यांना जास्त दुःख झालं.

रविवारी त्यांनी मोटारसायकल काढली. स्कूटीच्या बरंच मागं राहून, मुठ्याच्या रस्त्याला लागले. वाटेत एका बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडपाशी स्कूटी थांबली. हैबतरावांनी भाताच्या पेंढ्या रचलेल्या उडवीआड गाडी लावली आणि उडवीला टेकून टेहळणी केली. शेडपुढे गाड्याच गाड्या. ही ती जागा, त्यांना आठवलं. शहरातल्या पोरांनी शेड भाड्यानं घेऊन तिथं गाण्याबजावण्याचा क्लब काढला होता. गावानं हो-ना करत परवानगी दिली, दिवेलागणीच्या आत सगळं बंद करायचं या अटीवर. त्या बैठकीलाही हैबतराव होते. त्यांनी मान हलवली होती.

दारावर एक मुलगी बसली होती. "मी निरंजनचा घरमालक," हैबतरावांनी सांगितलं. तिनं वरपासून खालपर्यंत त्यांच्याकडे बघितलं, टोपी, धोतर, चपला. मग त्यांच्या मनगटावर जांभळा शिक्का मारला. मतदानाच्या वेळी बोटाला लावतात तशी शाई, यानं आपली सही घेतल्यासारखं होतं की काय, या संशयानं ते पुसायला गेले तर पुसेना. शेवटी तिनं पिवळ्या रंगाच्या, बोटाच्या पेरापेक्षा लहान दोन मऊ गुंड्या त्यांच्या तळहातावर ठेवल्या आणि कानांकडे बोट दाखवलं.

हैबतराव त्या गुंड्यांकडे बघत राहिले. कारखान्यातही अशाच मिळायच्या. सगळे गडी त्या मशीनवर ओळीनं लावून ठेवत आणि घालणाऱ्याला बायकी म्हणत. त्यांनी मूठ मिटली आणि आत गेले.

आत अंधुक होतं. भिंतींना खालपासून वरपर्यंत अंड्यांचे ट्रे ठोकले होते, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. कोंबड्या गेल्या तरी अंडी राहिली, त्यांच्या मनात आलं. पन्नास-साठ तरुण माणसं दाटीवाटीनं उभी होती. समोर हातभर उंचीच्या फळ्यांवर चौघं जण, त्यात निरंजन. हैबतरावांनी मागच्या भिंतीला एक प्लॅस्टिकची खुर्ची हेरली, तिचे पाय हलवून बघितले आणि बसले.

आणि मग सुरू झालं. कानांनी नाही, ते आधी खुर्चीतून आलं, मग पायांतून, मग छातीत. धडाधड, धडाधड, एकसारखं. हैबतरावांचा हात आपोआप मांडीवर आदळू लागला. घण. त्यांचा जुना घण छातीत परत चालू झाला होता. शेजारचा एक पोरगा डोळे मिटून मान झोडत होता, दुसऱ्यानं कानांवर हात दाबले होते, आणि हैबतराव मालपोटे, कारखान्यातून सुटल्यापासून पहिल्यांदाच, एखाद्या जागी निवांत बसले होते.

निवांतपणाचं कारण त्यांच्या हळूहळू लक्षात आलं. इथं कुणालाच ऐकू येत नव्हतं. माणसं एकमेकांच्या कानाशी तोंड नेत, हातवारे करत, 'काय? काय?' म्हणत, आणि उत्तर न कळता मान हलवत. सगळी शेड बहिरी झाली होती, आणि त्यात फक्त हैबतरावांना सगळं कळत होतं. डावीकडची पोरगी सोबतच्या पोराला सांगत होती, आईचा फोन आला तर लायब्ररीत आहे म्हण. पोरगा मान हलवत होता, त्याला काही कळलं नव्हतं. खांबापाशी दोघं जण घरभाड्यावरून भांडत होते आणि दोघंही एकच गोष्ट म्हणत होते. हैबतरावांना हसू आलं. मग त्यांना आपण कशासाठी आलो ते आठवलं आणि हसू गेलं.

त्यांनी आधी निरंजनला निरखलं. तो खाली, स्वतःच्या बोटांकडे बघत होता. गाणं संपलं, दुसरं सुरू झालं, तरी बोटांकडेच. या माणसाला समोर पोरगी आहे का म्हैस आहे हेही कळत नसावं. हैबतरावांना थोडं बरं वाटलं, आणि पोरीच्या वतीनं थोडा अपमानही वाटला.

आरोही फळ्यांच्या अगदी कडेला उभी होती, अर्धी त्यांच्या बाजूला वळलेली. सगळ्यांसारखी तीही ओरडत होती. मुठी आवळलेल्या, मानेच्या शिरा ताणलेल्या, तोंड पूर्ण उघडं. गाणं इंग्रजी होतं, आजूबाजूच्यांचे ओठ इंग्रजी हलत होते, ते हैबतरावांना वाचता येत नव्हतं. पण आरोहीचे ओठ मराठी हलत होते.

ते खुर्चीवरून उठले. भिंतीच्या कडेकडेनं चार माणसं ओलांडून पुढे आले आणि त्यांनी नीट बघितलं.

'सांगितलं हुतं,' ती ओरडत होती. 'मी सांगितलं हुतं. बाबांना सांगितलं हुतं.'

ओठांवर 'बाबा' आणि 'मामा' सारखेच दिसतात, म्हणून हैबतरावांनी आधी स्वतःच्या डोळ्यांवरच संशय घेतला. पण आरोहीला मामा नव्हता. ती तेच परत परत ओरडत होती, घण पडावा तसं, आणि आजूबाजूला सगळ्यांना वाटत होतं की ती गातेय. 'न्हाई म्हनून सांगितलं हुतं. मान हलवली तुमी. मान हलवली.'

 गाळणीवर थांबलेला हात, हलणारी वेणी आणि मग ते हसू, सगळं हैबतरावांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. ते हसू लग्नाचं नव्हतं. बापाला पटलं, बाप बाहेर जाऊन नाही म्हणणार, म्हणून ती हसली होती.

तेवढ्यात तिनं वळून बघितलं. काळ्या सदऱ्यांच्या गर्दीत पांढरी टोपी. ती आधी घाबरली, मग संतापली. तरातरा आली, बापाचा दंड धरला, त्याच्या कानाला तोंड लावलं आणि ओरडली. कानात कुणी इतक्या जवळून ओरडल्यावर हैबतरावांना ऐकू येई. किती तरी वर्षांनी त्यांनी लेकीचा आवाज ऐकला. तो मोठा झाला होता, जाड झाला होता, हे त्यांना माहीतच नव्हतं.

"माझ्यावर नजर ठेवायला आलाय? बघा, काय पळून चालले न्हाई मी. ओरडायला येते हितं. घरात ओरडले तर भिताडापल्याड दादासाहेब काका हायेत. मी तुमाला सगळं सांगितलं हुतं, बाबा. त्यांना सून नकोय, बंगल्यावरच्या पाहुण्यांच्या पोह्याला माणूस पायजे. नोकरी सोड म्हनला तो पहिल्याच दिवशी. हे सांगितलं मी तुमाला. तुमी मान हलवली. मला वाटलं माझा बाप हाय. अन् भायेर जाऊन सुपारी फोडली."

ती मागे सरली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. आता हैबतरावांना दोनच वाटा होत्या. ऐकून सवरून लेकीचा गळा कापणारा बाप व्हायचं, नाहीतर कोंडाजी व्हायचं. पहिली वाट सोपी होती, तिच्यावर बोलायचंही नव्हतं, नुसतं गप्प राहायचं होतं. पारावरचा तो हशा त्यांना या गोंगाटातही दिसला.

"मला ऐकू आलं न्हाई," ते म्हणाले.

तिनं कपाळाला आठ्या घातल्या. 'काय?' तिचे ओठ म्हणाले.

"मला ऐकू आलं न्हाई त्या दिवशी."

तिनं कान पुढे केला, मान हलवून पुन्हा नाही कळलं असं दाखवलं. जे वाक्य आयुष्यात एकदाही म्हणायचं नाही असं ठरवलं होतं, ते तिसऱ्यांदा म्हणायची पाळी आली. हैबतरावांनी लेकीचं डोकं दोन्ही हातांत धरलं, तिच्या कानाला तोंड लावलं आणि होता नव्हता तेवढा जोर काढून ओरडले, "मी बहिरा हाय, आरू. कारखान्यात कान गेलं माझं. तू पाठमोरी बोलत हुतीस. मला एक अक्षर कळलं न्हाई. मी उगंच मान हलवली."

आरोहीचा विश्वास बसला नाही. ती कुणाची लेक होती? तिनं डोळे बारीक केले आणि बापाच्या तोंडाकडे टक लावून बघितलं, अगदी त्यांच्यासारखंच. तेवढ्यात गाणं संपलं. छातीतला घण थांबला. ती त्यांच्यामागे जाऊन उभी राहिली. हैबतराव तसेच समोर बघत राहिले. शेजारच्या पोरानं वळून मागे बघितलं, मग हैबतरावांकडे बघितलं, मग परत मागे. त्यावरून त्यांना कळलं की मागे काहीतरी बोललं जातंय, आणि ते आपल्याशीच आहे. वळायचं नाही हे त्यांनी ठरवलं. वळले असते तर ऐकू आलं असं तिला वाटलं असतं, आणि ती फसवणूक झाली असती.

थोड्या वेळानं ती पुढे आली. तिचा चेहरा ओला होता.

'घरला चला,' ती ओठांनी म्हणाली. आवाज काढला की नाही, ते त्यांना कळलं नाही. कळायची गरजही नव्हती.

घरी तुळजाबाईंना सगळं सांगितलं.  त्यांना आधी रडू आलं आणि रडता रडता राग आला. "म्हंजे मी अंधारात जे जे बोलले, त्यातलं कायबी?" हैबतरावांनी मान खाली घातली. पण तुळजाबाई संसारी बाई. डोळे पुसून त्यांनी लगेच तोड काढली. पत्रिका जुळत नाही म्हणायचं. मुठ्याच्या ब्राह्मणानं बघितली, आपल्यानं बघितली नव्हती, आता बघितली, मंगळ निघाला. कुणाचा अपमान नाही, कुणाची चूक नाही, आणि कान झाकलेले राहतात.

हैबतरावांना ही तोड मनापासून आवडली. रात्र त्यांनी त्या तोडीवरच काढली. सकाळी टोपी घालून दादासाहेबांच्या ओट्यावर जाईपर्यंत मंगळ त्यांच्या जिभेवर तयार होता.

ओट्यावर दादासाहेब, त्यांचा पुतण्या दयानंद आणि वाटेनं चाललेली दोन माणसं चहाला थांबलेली. दादासाहेबांनी जागा करून दिली. हैबतराव बसले, आणि बसल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की मंगळ काढला तर तो पोरीच्या पत्रिकेला कायमचा चिकटणार. पुढच्या स्थळाला गाव तेच सांगणार. चूक बापाची आणि डाग लेकीला.

"दादासाहेब, सुपारी मोडायची हाय," ते म्हणाले. "आरोहीनं त्या दिवशीच न्हाई म्हनलं हुतं. मला ऐकू आलं न्हाई. मला ऐकूच येत न्हाई, कैक वर्सं झाली. मी मान हलवून भायेर आलो अन् तिच्या तोंडचं व्हय मी घातलं. तिची काय चूक न्हाई. तुझ्या भाच्याचीबी न्हाई."

दयानंदच्या ओठांच्या कडा वर गेल्या. वाटसरूंपैकी एकानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं. हैबतरावांनी ते दोन्ही बघितलं आणि त्यांना ते लागलं. चांगलंच लागलं. कान गेले त्याहून जास्त.

दादासाहेबांनी मान खाली घातली. तंबाखू मळता मळता ते पुटपुटू लागले. मिशा हलत होत्या, बस. शिव्या होत्या की समजूत, काही कळायला मार्ग नव्हता. हैबतरावांची मान सवयीनं खाली-वर व्हायला निघाली, डोळे अर्धे मिटले. त्यांनी ती मधेच थांबवली.

"वर बघून बोल," ते म्हणाले. "खाली बघून बोललास तर मला कळत न्हाई."

दादासाहेबांनी वर बघितलं. राग होता चेहऱ्यावर, पण त्याच्यामागं दुसरंही काही होतं. जुन्या मित्राच्या तोंडाकडे बघत, एकेक शब्द सुटा करत ते म्हणाले, "आन् माझ्या थोरल्या लेकीच्या बैठकीत तू मधी बसला हुतास, हैबता. तुझी मान बघून मी व्हय म्हनलं. तवा काय ऐकलंस?"

"काय न्हाई."

 दादासाहेबांच्या हातातली तंबाखू तशीच राहिली. ओट्यावर आता कुणी हसत नव्हतं. दादासाहेबांनी विचारलं, "मग आता बहिनीला मी काय तोंडानं सांगू?"

हैबतराव उठले. 

"सांग," ते म्हणाले, "बाप बहिरा हाय. पोरगी मुकी न्हाई."